जाईची एकादशी

खाडीच्या अंगाला, नव्या वसाहतीच्या शेवटच्या इमारतीपलीकडे, तेव्हा एक छोटी प्राण्यांची बाग होती. बाग कसली, मिठागरावर माती ओतून लावलेली चार रांगांची रोपं. रोपांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या जाळ्याच उंच. हरणांचं कुंपण, मोरांचा पिंजरा, सुसरींचं डबकं, माकडं, दोन साळिंदरं, आणि सगळ्यांत शेवटी, भरणी संपून कांदळवन सुरू व्हायचं तिथे, जाईचा पिंजरा. जाई म्हणजे बिबट्याची मादी. पारसिकच्या डोंगरात दगडखाणीजवळ सापळ्यात सापडलेली. लोक तिला वाघीणच म्हणत. रविवारी फ्लॅटमधली मंडळी पोराबाळांना घेऊन आली, की मोरापुढे दोन मिनिटं थांबत आणि जाईपुढे अर्धा तास.

जाईच्या पिंजऱ्यावर दोन माणसं होती, गोटीराम आणि किसन. गोटीराम तिथलाच, आगरी. ज्या मिठागरावर बाग उभी राहिली त्यात त्याच्या बापाचाही वाटा होता, आणि जमिनीच्या बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली होती. आगऱ्याच्या घरात मासळीशिवाय चूल पेटायची नाही. पण गोटीरामने पंचविसाव्या वर्षी गावच्या सप्त्यात एक कीर्तन ऐकलं आणि गळ्यात तुळशीची माळ घातली, ती कायमची. कीर्तनाचं त्याला वेडच. पाच कोसांवर कुठे बुवा उभे राहिले, की हा पहिल्या रांगेत. बुवांनी हात वर केला की याचे डोळे भरायचे, आणि आख्यान संपलं तरी दोन दिवस त्याच्या कानात टाळ वाजत राहायचे.

असा माळकरी माणूस आणि काम वाघिणीला मांस घालण्याचं. ही गाठ किसनने सोडवली होती. किसन जालन्याकडचा, बाबासाहेबांचा माणूस, रोजंदारीवर लागलेला. पहिल्याच आठवड्यात त्याने गोटीरामचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुमचा देव काम वाटून देत न्हाई, तर आपुन वाटून घेऊ. तुमी पानी अन् झाडलोट बघा, मटनाचं माझ्याकडं." तेव्हापासून टेम्पोतून मांस उतरवणं, तोडणं, आकडीने आत सरकवणं हे सगळं किसन करायचा. त्यातूनच दुसरं एक ठरून गेलं. गोटीरामच्या गावचा सप्ता असला, की किसन त्याचं काम ओढायचा आणि मस्टरवर त्याची सही ठोकायचा. आणि दसऱ्याला किसन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, तेव्हा गोटीराम किसनची सही करायचा. रोजंदारीवाल्याला रजा कोण देणार? तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

ऐंशी सालचा दसरा शनिवारी आला. त्याच्या महिनाभर आधी जाई व्यायली होती, परगावच्या बागेतून थोडे दिवस आणलेल्या नरापासून दोन पिल्लं. वर्तमानपत्रात फोटो आला, बागेबाहेर फुगेवाले बसू लागले. किसन शुक्रवारी गाडीला बसला. जाताना त्याने बजावलं, पाजती हाय, हात आखडू नका. गोटीरामने मान हलवली.

शनिवारी त्याने मांस घातलं. आकडी लांब धरून, तोंड फिरवून, पण घातलं. मग घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. पण दसऱ्याचा दुसरा दिवस म्हणजे एकादशी. रविवारी टेम्पो आला, रक्ताने ओला गोणपाट त्याच्या पायाशी टाकून निघून गेला, आणि गोटीरामचा हात काही पुढे होईना. पंधरा वर्षांत एकादशीला त्याने अंडं फोडलेलं बघितलं नव्हतं. तो पंपाच्या खोलीत उभा राहिला आणि हिशेब मांडू लागला. सोमवारी बाग बंद, आणि त्या दिवशी जाईला नियमानेच उपास. मांस खाणाऱ्या जनावराला आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवतात, तशी रीतच असते. मग सोमवारचा उपास रविवारी धरला तर काय बिघडलं? आजचं उद्या द्यायचं. एवढंच नव्हे, त्याच्या मनात आलं, की मुक्या जिवाला आपल्यामुळे एक एकादशी घडते आहे. या विचाराने त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्याने मांस ओल्या गोणपाटात गुंडाळून पंपाच्या खोलीत आढ्याला टांगलं आणि संध्याकाळी देवळात जाऊन कीर्तन ऐकलं.

ऑक्टोबरचं ऊन. सोमवारी सकाळी खोलीचं दार उघडलं तेव्हा आत उभं राहवत नव्हतं. ते मांस त्याने कांदळवनाच्या कडेला पुरलं. दुसरं मांस सोमवारी मिळणार कुठून? जाई गजांशी येऊन उभी राहिली होती. त्याने तिला पाणी दिलं.

मंगळवारी पहाटे पिंजऱ्यात एकच पिल्लू होतं.

जाई कोपऱ्यात पाठ करून बसली होती आणि फरशी चाटत होती. दुसरं पिल्लू तिच्या पोटाशी होतं, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. जिथे काहीच नव्हतं ती फरशी ती चाटत होती, एकसारखी, खर्र खर्र. डॉक्टर आले, म्हणाले, असं होतं कधीकधी, गर्दीने बिथरतात, भुकेनेही होतं. दुसरं पिल्लू त्याच दिवशी काढून परगावच्या बागेत पाठवलं.

बुधवारी कुत्र्यांनी पुरलेलं मांस उकरून काढलं. बागेचे साहेब नंदकुमार यांनी मस्टर मागवलं. रविवारी किसनची सही, मांसाचं काम किसनचं. विकण्यासाठी लपवलं, सडलं तसं पुरलं असणार, असं सरळ गणित त्यांनी केलं. किसन आदल्याच दिवशी नागपूरहून परतला होता. ऑफिसात बोलावण्याआधी तो नळापाशी गोटीरामला भेटला. हळूच विचारलं, "दादा, रविवारी टाकलं हुतं ना?"

"टाकला ना," गोटीराम म्हणाला.

किसन त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग ऑफिसात गेला आणि आपण इथे नव्हतो हे त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोट्या सहीपायी दोघंही गेले असते. संध्याकाळी त्याला काढून टाकलं. आपली चादर आणि डबा घेऊन तो फाटकाबाहेर पडला, तेव्हा गोटीराम हरणांना चारा घालत होता.

पंधरा दिवसांनी जाई जेवली नाही. नवीन माणसाने मांस सरकवलं, तिने एकदा बघितलं, उठली, कोपऱ्यात जाऊन पाठ केली आणि फरशी चाटू लागली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी तुटून पडली. डॉक्टरांनी तपासलं, तब्येत ठणठणीत. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. नवीन माणूस म्हणाला, लहर असेल. गोटीरामच्या पोटात त्या दिवशीही साबुदाणा होता, आणि मागच्या खेपेलाही.

वार बदलत होते. कधी मंगळवार, कधी शुक्रवार. पण दिवस चुकत नव्हता. आणि एकदा तर पंचांगात दोन एकादश्या लागोपाठ आल्या, आधी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. फ्लॅटमधल्या मंडळींनी पहिल्या दिवशी उपास केला. त्या दिवशी जाई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी माळकऱ्यांची एकादशी, म्हणजे सबंध बागेत एकट्या गोटीरामची. चार वाजता मांस आत गेलं. जाई उठली आणि कोपऱ्याकडे निघाली. जाताना तिने मान वळवून गोटीरामकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला चाललं असतं. राग नव्हता. काय करू, असं विचारणाऱ्या पोराची नजर होती ती.

त्यानंतर खर्र खर्र त्याच्या मागे घरी आली. बायको रखमा खोवणीवर नारळ खोवायला बसली की तो उठून बाहेर जायचा. ती म्हणायची, अवो, चार घरं टाकून बागेतला मोर ओरडतो तो ऐकू येत नाही तुम्हाला, आणि माझ्या नारळाने तुमचं डोकं उठतं? भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ओट्यावर, त्याला मागून जीभ ऐकू यायची. तो वळून बघायचा. ओट्यावर पोरं गोट्या खेळत असायची.

ऑफिसातला क्लार्क जयप्रकाश चौकस. मांसाच्या वहीतल्या तारखा त्याने एक दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितल्या आणि त्याचे हात जोडले गेले. आठवड्याभरात सगळ्या वसाहतीत झालं, बागेतली वाघीण एकादशी करते. आणि कुणाच्या संगतीने? तो माळकरी आहे ना, त्याच्या. मग काय विचारता. एकादशीला गजांसमोर फुलं पडू लागली, उदबत्त्या लागल्या, बायका बोरं-बत्तासे गजांतून टाकू लागल्या. भजनी मंडळाच्या अरुणाबाई, बँकेतल्या नोकरीतून अर्धी सुटी टाकून येणाऱ्या, गोटीरामच्या पाया पडल्या. त्याने पाय मागे घेतले तर त्यांना तो अधिकच मोठा वाटला. त्या वर्षभरात गोटीराम एकदाही कीर्तनाला गेला नाही. बुवा काय म्हणतील याची भीती नव्हती. टाळांच्या मागून ती जीभ ऐकू येईल याची होती.

पण कीर्तनच त्याच्याकडे चालून आलं. पुढच्या दसऱ्यानंतरच्या एकादशीला भजनी मंडळाने बागेतच, जाईच्या पिंजऱ्यासमोर कीर्तन ठरवलं. बुवा श्यामसुंदरबुवा, ज्यांच्या एका हाकेसाठी गोटीराम कधीकाळी दोन खाड्या ओलांडून जायचा. नंदकुमार साहेबांनी मांडव घालायला परवानगी दिली, स्वतः सहकुटुंब येऊन बसले. चार वाजता मांस आत सरकलं होतं. ते तसंच पडून होतं, आणि जाई पाठ करून बसली होती. पाच वाजता पेटीने सूर धरला.

बुवांचा पूर्वरंग असा रंगला की विचारू नका. भूक म्हणजे काय, देवाची भूक कशी, भावाची भूक कशी. मधूनच एक हसवणारी गोष्ट, मधूनच आवाज खाली आणून काळजाला हात. म्हातारी माणसं डोलत होती. गोटीराम खांबाला टेकून उभा होता. झांज थांबली की खर्र, आणि झांज वाजली की झांजेच्या पोटातून खर्र. पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला. उत्तररंगाला उभं राहताना बुवा म्हणाले, आजचं आख्यान पोथीतलं नाही, ते आपल्यासमोर बसलं आहे. आणि ज्याच्या संगतीने हिंस्र जिवाला व्रत घडलं तो भक्तही इथेच आहे. त्यांनी गळ्यातला हार काढून हातात धरला आणि गोटीरामला पुढे बोलावलं.

लोकांनी त्याला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं. बुवांनी हार उचलला. गोटीरामने त्यांचे हात धरले.

"हार नको, बुवा," तो म्हणाला. "तिला मी उपाशी ठेवली हाय. पिल्लू तिने नाय खाल्ला, मी खाल्ला."

अरुणाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "किती हा नम्रपणा. खरे भक्त असंच बोलतात हो." माना हलल्या. कुणीतरी गजर केला. गोटीरामला वाटलं आपण विहिरीत पडलो आहोत आणि वरून लोक फुलं टाकताहेत.

पण बुवा कीर्तनकार होते. चाळीस वर्षं लोकांना रडवलेला माणूस. खरं रडणं त्यांना कळत होतं. त्यांनी हार खाली घेतला आणि विचारलं, "कधी?"

गोटीरामने सगळं सांगितलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा दुसरा दिवस. ओलं गोणपाट, पंपाच्या खोलीतलं आढं, कांदळवनातल्या कुठल्या तिवराच्या बुंध्याशी खड्डा खणला ते. मस्टरवर किसनची सही कोणत्या हाताने केली ते. मस्टरचं नाव निघालं तसे नंदकुमार साहेब खुर्चीत ताठ झाले, आणि मग हा नुसता नम्रपणा आहे असं कुणालाच वाटेना. मांडवात एक एक चेहरा उतरत गेला. मागच्या रांगेतली माणसं चपला शोधू लागली.

बुवांनी हार पेटीवर ठेवला. थोडा वेळ जाईच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज उत्तररंग होणार नाही. उपास आपल्या पोटाने करायचा असतो, एवढंच मला सांगायचं होतं. ते यांनी सांगितलं." आणि आरती न म्हणताच त्यांनी चिपळ्या पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोटीराम तुर्भ्याला, नव्याने सुरू झालेल्या कांदा-बटाट्याच्या मार्केटात गेला. किसन तिथे माथाडी होता. पाठीवर गोणी, डोक्यावर गोणपाटाची टोपरी. गोटीरामला बघून तो थांबला नाही, गोणी थप्पीला लावली आणि मगच आला. गोटीरामने आदल्या दिवशीचं सांगितलं आणि नळापाशी आपण खोटं बोललो तेही सांगितलं.

"ठावं हाय," किसन म्हणाला. "तवाच कळलं हुतं. आलो तवा आकडी कोरडी हुती, दादा. दोन दिवसांचा गंज चढला हुता."

"मंग बोलला का नाय?"

किसनने टोपरी काढून घाम पुसला. "तुमी बोलाल म्हनून वाट बघितली. वरीसभर. रोज वाटायचं, आज दादा येईल." त्याचा आवाज चढला नाही, म्हणून गोटीरामला तो सोसवेना. "माझ्या मायला गावाकडं कळलं, पोरगं वाघिनीच्या तोंडचं चोरून खातंय. ती तसंच समजून मेली."

दोघं बागेच्या ऑफिसात गेले. लेखी झालं, सहीचा सगळा दोष गोटीरामने आपल्याकडे घेतला. गोटीरामची नोकरी गेली. किसनला परत बोलावलं, तेही गोटीरामच्या जागी, कायमच्या नोकरीवर. तो आधी नको म्हणत होता. शेवटी जाईसाठी आला. गोटीराम घरी बसला, आणि त्याला वाटलं, आता संपलं. जे द्यायचं होतं ते दिलं, ज्याचं होतं त्याला दिलं.

पंधरा दिवसांनी एकादशी आली. संध्याकाळी किसन गोटीरामच्या ओट्यावर येऊन बसला. रखमाने पाणी दिलं. गोटीरामला विचारायचा धीर होईना.

"न्हाई खाल्लं," किसन म्हणाला.

"मी बोललो, तरी?"

"तुमी मानसांना बोलला, दादा. तिला कोन सांगनार?" तांब्या खाली ठेवून तो उठला. जाता जाता म्हणाला, "बरगड्या दिसाया लागल्यात तिच्या. एक दिवसाचं म्हनता म्हनता आता दुसऱ्या दिवशीबी अर्धंच खाती."

त्या रात्री गोटीरामला झोप आली नाही, पण त्याने देवालाही काही विचारलं नाही. मग पुढच्या एकादशीच्या सकाळी, अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून तो चुलीपाशी आला आणि रखमाला म्हणाला, भात टाक. रखमा त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून या दिवशी या घरात तांदळाचं भांडं उघडलं गेलं नव्हतं. तिने विचारलं, कुणी पाहुणा येणार आहे का. तो म्हणाला, नाही, मला.

तिने भात टाकला. डोळ्यांना पदर लावत टाकला, पण टाकला. माळ काढू का, असं त्याच्या मनात येऊन गेलं. हात गळ्याशी गेला आणि तसाच खाली आला. जे करायचं ते माळेच्या देखत करायचं. चार वाजायची तो वाट बघत बसला. किसन मांस सरकवतो ती वेळ. पलीकडून शाळेच्या सहलीची पोरं ओरडत चालली होती, खाडीवरून खारा वारा येत होता. चार वाजले. रखमाने पानात भात वाढला, वर मिठाची चिमूट घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

गोटीरामने हात जोडले. देवा, म्हणाला, ही माझी एकादशी मी मोडतो. तिची सोडव.

त्याने पहिला घास तोंडात घातला, चावणं थांबवलं, आणि बागेच्या दिशेने कान लावला.